राखवाल्या बाई

घर भाड्याने देताना मालक साधारण काय विचारतात? नोकरी कुठे, माणसं किती, पाहुणे फार येतात का. बाईंनी आम्हाला दारातच विचारलं, "कपडे पावडरने धुता की सोड्याने?"

मी बायकोकडे पाहिलं. आपले कपडे कशाने धुतले जातात हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला माहीत नाही, हे एजंटासमोर उघड झालं.

"पावडरने," बायको म्हणाली.

"मग या. माझ्या घरात धुण्याचा सोडा चालत नाही."

अशा रीतीने आम्ही नाशिकरोडच्या त्या बंगल्यात खालच्या मजल्याचे भाडेकरू झालो. अक्षरशः भाडेकरू. बाईंनी मला पुढे कधीही नावाने हाक मारली नाही. "अहो भाडेकरू, पाणी आलं का?" "भाडेकरू, वर या, गंमत दाखवते." एकदा भर भाजीबाजारात त्यांनी "भाडेकरू!" अशी हाक मारली तेव्हा चौघांनी माना वळवल्या, आणि त्या चौघांतला पहिला मी होतो. बायकोला मात्र त्या पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारत. पावडरचं उत्तर तिने दिलं होतं ना.

बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, काटक, कायम पांढऱ्या सुती साडीत. उजव्या मनगटाला हळदीत बुडवलेला पिवळाधमक दोरा. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, बाईंचा काहीतरी मोठा नवस आहे. शेवटी आमच्या हिने धीर करून विचारलं.

"नवस कसला?" बाई म्हणाल्या. "हळदीइतकी चोंबडी वस्तू जगात नाही. कुठे साबण, सोडा, चुना दिसला की लाल होऊन चुगली करते. तुझ्या नवऱ्याच्या शर्टावर आमटीचा डाग असतो की नाही? त्याला साबण लावल्यावर काय होतं?"

"लाल होतो."

"तेच. तुझा नवरा म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा आहे."

ती आनंदाने हो म्हणाली. माझ्याविषयी दोन बायकांचं इतक्या चटकन एकमत झालेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. नंतर मात्र नेहमीच पाहिलं.

त्यांची दुसरी खास वस्तू म्हणजे काचेचा एक ग्लास. त्याच्या मागच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीखाली वर्तमानपत्रातली जुनी जाहिरात, आतल्या बाजूने वाचता येईल अशी चिकटवलेली: 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी वरास सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे.' कुठलंही पाणी त्या ग्लासात ओतायचं, ग्लास डोळ्यांसमोर धरायचा आणि पलीकडची जाहिरात वाचायची. 'वधू' तर कुणालाही दिसते. 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द सगळ्या जोडाक्षरांसकट दिसला तर पाणी पास.

"ही जाहिरात कुणाची?" मी एकदा विचारलं.

"एकाची. मला बघायला येणार होता. त्याच्या जाहिरातीतून मी पाणी बघायला लागले, आणि तो राहिला तो राहिलाच."

हे सांगताना त्या इतक्या मोकळेपणी हसल्या की सहानुभूती दाखवायची माझी तयारी वाया गेली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे राख. चुलीतली नव्हे, औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळाल्यावर उरते ती, पिठासारखी बारीक, करडी राख. विटा करणारे ती ट्रकने नेतात. बाई ती पोत्याने आणवत. आणायचं काम भाडेकरूकडे. सिन्नर फाट्याच्या पुढे एका वीटवाल्याकडून स्कूटरच्या पुढ्यात पोतं ठेवून मी ती पहिल्यांदा आणली, तेव्हा पोत्याचं तोंड नीट बांधावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. दत्तमंदिर सिग्नलला थांबलो तर ट्रॅफिक हवालदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अतिशय आदराने विचारलं, "महाराज, त्र्यंबकला निघालात का?"

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

बाई या राखेने रंगीत पाणी स्वच्छ करत. शाईचं, बीटाचं, रंगपंचमीचं. रंगपंचमीला सगळं नाशिक रंगात बुडालेलं असायचं, तेव्हा बाई बादली घेऊन गल्लीत फिरायच्या आणि पोरांना म्हणायच्या, "उरलेलं फेकू नका रे, मला द्या." लोकांना वाटायचं, म्हातारीला खेळायची हौस आहे.

"यात होतं काय?" मी विचारलं.

"राखेचा एकेक कण म्हणजे चाळ समजा. आत नुसत्या खोल्या. आधी आंबट पाण्याने धुतली की खोल्या रिकाम्या होतात. मग रंग बघतो, अरे, इथे जागा आहे! आणि पाणी सोडून तिथे राहायला जातो. पण वातावरण थोडं आंबट पाहिजे. सोडा पडला की भाडेकरू बाहेर." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "एक लक्षात ठेवा. रंग जात नाही, जागा बदलतो."

हे त्यांचं पेटंट वाक्य. बायको माझ्यावर चिडून तो राग मुलीवर काढायला लागली की वरून आवाज यायचा, "रंग जागा बदलतोय!"

हे सगळं असंच गमतीगमतीत चाललं असतं. पण एक दिवस माझा मेहुणा येवल्याहून आला आणि सोफ्यावर बसून रडायला लागला.

येवल्याच्या बाहेर त्याचा रेशीम रंगवायचा छोटा कारखाना. पैठणी विणणाऱ्यांना लागणाऱ्या रेशमाच्या लडी तो रंगवून द्यायचा. त्यातही राणी रंग त्याच्या हातचाच पाहिजे, असं विणकर म्हणायचे. हा झगझगीत गुलाबी रंग लडींवर चढून उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जायचं. खड्ड्यातून जमिनीत आणि जमिनीतून शेजारच्या आबांच्या विहिरीत. आबा म्हणजे कांदा पिकवणारे सरळ, शांत म्हातारे. विहिरीला गुलाबी झाक आली तेव्हा ते एकदा बोलून गेले. दुसऱ्यांदाही बोलून गेले. मग त्यांची पांढरी गाय चंद्री पाणी पिऊन वर बघायला लागली तेव्हा तिचं तोंड लिपस्टिक लावल्यासारखं दिसायला लागलं, आणि आबांनी गाव गोळा केलं. गावाने ठरवलं, आखाजीच्या आत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत, सोय कर, नाहीतर कारखान्याला कुलूप.

"आबांचं चुकलंय का?" बायकोने भावाला विचारलं.

"नाही ना ताई, तीच तर पंचाईत आहे," तो म्हणाला. "पण कुलूप लागलं तर मी दुसरं काय करू? मला हे एकच येतं. दाजी, तुम्हीच सांगा."

दाजींनी, म्हणजे मी, गंभीर चेहरा केला. मला काहीच सुचत नसलं की माझा चेहरा फार गंभीर होतो. शिवाय कारखाना बंद पडला तर मेहुणा, त्याची बायको, मुलं आणि त्याचा तो भल्या पहाटे ओरडणारा पोपट आमच्याकडे राहायला येणार, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

त्याने सोबत ते पाणी बाटलीत भरून आणलं होतं. बाटली टेबलावर होती आणि दारात बाई उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "म्हणजे, खरोखरच्या कारखान्याचं?"

"हो."

"इतकी वर्षं मी बीट उकळतेय!" बाई म्हणाल्या, आणि बाटली छातीशी धरून जिना चढून गेल्या. त्या वयाचं माणूस दोन-दोन पायऱ्या घेत जाताना मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. मी राख आणायची, बायकोने चाळायची, बाईंनी आंबट पाण्यात धुवायची, मुलीने गच्चीवर वाळत घालायची. दिवस कुरडयांचे. अर्ध्या गच्चीवर गल्लीतल्या बायकांच्या कुरडया, अर्ध्या गच्चीवर राख, मध्ये मोगऱ्याच्या कुंड्यांची सीमारेषा. एका दुपारी वारा सुटला आणि सीमारेषा उरली नाही. बाई खाली येऊन घरोघर माफी मागत फिरल्या, स्वतःच्या पैशाने गहू आणून दिले आणि चीक हाटायलाही बसल्या. पण चीक हाटताना पळी थांबवून म्हणाल्या, "वारा कुठल्या दिशेने होता गं? कण फारच बारीक आलाय. छान आहे."

मेहुण्याच्या पाण्यावर पहिल्यांदा काही चाललं नाही. राख जास्त झाली, राख कमी झाली, ढवळणं पुरलं नाही.  आणि एका सकाळी गच्चीवरून थाळी बडवल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, माकडं आली. काठी घेऊन वर धावलो. बाई कठड्याशी उभ्या होत्या, पांढऱ्या साडीवर गुलाबी शिंतोडे, हातात ग्लास.

"वाचा, भाडेकरू!"

मी वाचलं. "उच्चशिक्षित, निर्व्यसनी वरास सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष..."

"पुन्हा!"

"गृहकृत्यदक्ष!"

तो शब्द मी गच्चीवरून इतक्या मोठ्याने ओरडलो की समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, "कोण म्हणालं?"

आखाजी जवळ आली होती. बाईंनी मेहुण्याला फोन केला, गाव बोलवा, सगळ्यांदेखत करून दाखवू. राखेची पोती, वाळू, गाळायची फडकी आणि ग्लास घेऊन आम्ही टेम्पोने निघालो. निफाड गेलं, विंचूर गेलं, बाई पुढच्या सीटवर ग्लास मांडीत घेऊन बसलेल्या, नवरीसारख्या ताठ.

कारखाना पाहून मी थक्क झालो. एरवी तिथे लोणचं नासल्यासारखा आंबट वास असायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. आज सगळं लख्ख. फरशी धुतलेली, दाराला आंब्याचं तोरण, उदबत्ती, रंगाच्या पाण्याचं पिंपसुद्धा बाहेरून पुसलेलं.

"वा!" मी मेहुण्याची पाठ थोपटली. "याला म्हणतात तयारी!"

पंच आले. विणकर आले, राणी रंगाच्या काळजीने तेही हवालदिल होते. आबा आले आणि खुर्ची नको म्हणून उभेच राहिले. बाईंनी पाच मिनिटांचं भाषण केलं, चाळ, खोल्या, भाडेकरू, सगळं. मग राख टाकली. मी आणि मेहुण्याने आळीपाळीने बांबूने ढवळलं. चहा झाला. पाणी वाळूतून आणि फडक्यातून गाळलं. बाईंनी ग्लास भरून उन्हात धरला.

गुलाबी. मगाचच्यापेक्षा किंचित गढूळ, इतकाच फरक.

मागून कुणीतरी म्हणालं, "आता गायीला टिकली बी लावा." लोक हसले. मेहुणा भिंतीला टेकला. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. आबा हसले नाहीत. "बाई, तुमी लांबून आल्या," ते म्हणाले, "पर बघा, नाय व्हत. ऱ्हाऊ द्या आता."

 बाईंनी नाक वर करून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग एकदम पिंपापाशी गेल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला. बाहेर काढला तेव्हा हळदीचा दोरा लालभडक झाला होता.

"आंबट वास कुठे गेला?" त्या गरजल्या. कॉलेजच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज असणार. "सोडा कुणी घातला?"

मेहुण्याचा चेहरा पडला. "मी," तो म्हणाला. "म्हणजे, सरपंच येणार, तुम्ही येणार... लोकांना वास नको म्हणून सगळीकडे धुण्याचा सोडा टाकला. फरशीवर, मोरीत. पिंपात जरा जास्त."

"अरे, तू खोल्यांना कुलपं लावलीस की!"

मगाशी त्याची पाठ थोपटलेला हात मी हळूच खिशात घातला.

"ॲसिटिक आण," बाई म्हणाल्या. रेशीम रंगवताना ते आंबट ॲसिड वापरतात, कॅन भरभरून असतात.

"ते... विंचूरला मित्राच्या गोदामात ठेवलेत," मेहुणा म्हणाला. "कॅन दिसायला बरे दिसत नाहीत ना."

पाहुणे येणार म्हणून नवी चादर घालावी आणि पलंगच माळ्यावर ठेवावा, तसं हे. पंच उठायला लागले. एकाने घड्याळ पाहिलं. बाई त्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "लिंबूसत्व!" त्या म्हणाल्या. "सरबताचं लिंबूसत्व आहे का कुणाकडे? भरपूर? कुणाकडे लग्न झालंय का नुकतंच?"

 सगळ्यांच्या नजरा आबांकडे वळल्या. आबांच्या नातीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि सारं गाव तिथे सरबत प्यालं होतं.

आबा वळून दाराशी काढलेल्या चपलांपाशी गेले. आमच्या ध्यानात आलं, की कारखान्याला कुलूप लागावं म्हणून जो माणूस इथे आला, त्याच्याच घरातली पिशवी आता हे कुलूप टाळू शकत होती. तो सहज नाही म्हणू शकत होता.

"कशाला आणताय आबा, आपलंच..." सरपंच म्हणाले.

"मंग काय करू?" आबा त्यांच्यावर एकदम खेकसले. "पाणी साफ व्हावं, हेच म्हणतोय ना मी सालभर? माझं भांडान रंगाशी हाय. या पोराशी नाय." आणि चपला घालून चालायला लागले.

पिशवी आली. बाई लिंबूसत्व विरघळवून थोडं थोडं ओतायच्या, मी ढवळायचो, त्या मनगट बुडवून बघायच्या. लाल. पुन्हा ओतलं. लालच. पुन्हा. दोरा तपकिरी झाला. लोक जवळ सरकले. पंचांपैकी एकाने माझ्या हातातला बांबू काढून घेतला, "सरका पावणं, तुमच्यात काय जोर नाय." आणि मग दोरा पिवळा झाला. एक विणकर ओरडला, "पिवळा! पिवळा झाला!" बाईंनी आणखी थोडं ओतून नव्याने राख टाकायला सांगितली.

दुसऱ्यांदा चहा झाला, पण कुणी प्यायला नाही. सगळे पिंपाभोवती. गाळलेलं पाणी ग्लासात पडायला लागलं तेव्हा मी माझ्या बायकोचा हात धरला होता, असं ती म्हणते. मला वाटतं तो सरपंचांचा होता.

बाईंनी ग्लास मेहुण्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, हुंदका आवरत. 'गृहकृत्यदक्ष'पाशी त्याचा आवाज फुटला. त्या शब्दाने एखाद्या पुरुषाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं जगातलं ते एकमेव उदाहरण असावं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टी मारली. ग्लास आबांपुढे आला.

"चष्मा नाय आनला," आबा म्हणाले. ग्लासाला त्यांनी हातही लावला नाही. "आन् रंग गेला कुठं?"

टाळ्या थांबल्या. बाई वळल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतका आनंद त्या थाळी बडवत होत्या तेव्हाही नव्हता.

"इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही! आबा, रंग राखेत गेला. जात नाही तो, जागा बदलतो."

"म्हंजी ती राख उकिरड्यावर टाकली की पावसात पुन्यांदा माझ्याच हिरीत."

"बरोबर! म्हणून ती टाकायची नाही. सिमेंटमध्ये कालवून विटा पाडायच्या. रंग आत कोंडून टाकायचा."

"आन् विटंतून उतरला तर?"

"नाही उतरणार."

"कशावरून?"

 बाई म्हणाल्या, "पहिल्या विटा मी माझ्या घरी नेते. वापरायच्या पाण्याच्या हौदात बुडवून ठेवते. तुम्ही सवडीने येऊन बघा. पाण्याला रंग आला, तर कारखान्याला कुलूप मी स्वतः लावेन."

"तवर कारखाना चालू द्या. पर खड्ड्यात एक थेंब नाय," आबा म्हणाले. "आन् मी येनार. इसरनार नाय."

बाईंच्या हौदाच्या पाण्याने आम्हीही आंघोळ करतो, हे तिथे कुणालाच आठवलं नाही. मला आठवलं. 

फिकट गुलाबी-करड्या विटा हौदात जाऊन बसल्या. तो पावसाळा मी आरशासमोर काढला. रोज सकाळी आंघोळीनंतर कानामागे बघायचो. बाईंनी माझा एकुलता एक चांगला पांढरा शर्ट जप्त केला. तो रोज त्याच पाण्यातून काढायचा आणि दोरीवर मधोमध वाळत घालायचा, म्हणजे तुलना नीट होते. ऑफिसात मी आमटीच्या डागांच्या शर्टात जायचो. मेहुणा दर रविवारी फोन करून आधी शर्टाची चौकशी करायचा, मग ताईची. तिकडे त्याने खड्डा बुजवला होता, राखेची टाकी बांधली होती आणि ॲसिटिकचे कॅन अभिमानाने दर्शनी भागात ठेवले होते.

दिवाळी झाली आणि एका दुपारी फाटकाशी आबा उभे. एसटीने एकटेच आले होते. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "हौद कुठं हाय?"

हौदात वाकून त्यांनी पाणी ओंजळीत घेतलं, निरखलं. वीट बाहेर काढून अंगठ्याने घासली. मग दोरीवरचा शर्ट हातात धरला. उलटा केला, कॉलर पाहिली, काखा पाहिल्या. मी शेजारीच उभा होतो. पोरीला पाहायला आलेल्या वरपक्षासमोर बापाने उभं राहावं तसा.

"धवळा हाय," आबा म्हणाले. "पर गुंडी तुटलीय."

बाईंनी मोठ्ठा श्वास सोडला. आबा मात्र अजून संपले नव्हते. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, पायरीवर बसले आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"हिरीचं आनलंय. पाऊस चांगला झाला औंदा. त्यो तुमचा गिलास आना."

बाई आत गेल्या.  ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरून आणला. आबांनी बाटली ओतली, ग्लास उन्हाकडे धरला आणि एकेक अक्षर लावत, शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचायला लागले.

"उच्च... शिक्षित... निर्व्यसनी... वरास... सुस्वरूप..."

ते थांबले. आम्ही सगळे थांबलो. आबांनी ग्लास थोडा जवळ घेतला.

"गृ... ह... कृ... त्य... द... क्ष."

मग पुढचे दोन शब्द झरझर वाचून त्यांनी ग्लास खाली ठेवला, चष्मा काढला आणि काळजीने विचारलं,

"मंग, मिळाली का वं त्या पोराला बायको?"

"देव जाणे," बाई डोळे पुसत, हसत म्हणाल्या. "मला कुठे वेळ होता बघायला? भाडेकरू, बघता काय, आबांना चहा टाका!"